सहीपर्यंतची वाट

जानेवारी २०१८ मध्ये हिऱ्यांच्या व्यापारातल्या काही कंपन्यांचे प्रतिनिधी मुंबईच्या फोर्ट भागात पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेत आले. परदेशी पुरवठादारांचे पैसे चुकते करण्यासाठी त्यांना बँकेचे हमीपत्र, म्हणजे 'लेटर ऑफ अंडरटेकिंग' हवे होते. शाखेने नियमाप्रमाणे शंभर टक्के रोख तारण मागितले. ही सोय आपण पूर्वीपासून तारणाशिवाय वापरत आलो आहोत, असे त्या कंपन्यांनी सांगितले. शाखेने जुन्या नोंदी उघडल्या, तर त्यांत अशा सोयीचा मागमूस नव्हता. हमीपत्रे 'स्विफ्ट' या संदेशयंत्रणेतून थेट परदेशातल्या शाखांना जात होती आणि ही यंत्रणा बँकेच्या कोअर बँकिंगला, म्हणजे व्यवहारांची नोंद ठेवणाऱ्या मुख्य संगणक प्रणालीला, जोडलेलीच नव्हती. बँकेच्या शब्दावर परदेशात पैसे उचलले जात होते आणि बँकेच्या वहीला त्याची खबर नव्हती. १४ फेब्रुवारीला बँकेने शेअर बाजाराला कळवले तेव्हा आकडा सुमारे ११,४०० कोटी रुपयांवर गेला होता.

या प्रकरणात नियमांची वाण नव्हती. तारणाचा नियम होता. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची, ही मेकर-चेकरची शिस्त होती. अंतर्गत लेखापरीक्षण होते, वैधानिक लेखापरीक्षक होते, संचालक मंडळाची ऑडिट कमिटी होती. स्विफ्टच्या गैरवापराबद्दल ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा सर्व बँकांना सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने नंतर जाहीर केले. दरवर्षीच्या ताळेबंदावर सह्याही होत होत्या. नव्हती ती वाट. शाखेतल्या टेबलावर घडणारी गोष्ट खतावणीत, खतावणीतून ताळेबंदात आणि ताळेबंदातून सही करणाऱ्याच्या समोर नेणारी वाट मधेच तुटलेली होती. हे पुस्तक त्या वाटेबद्दल आहे. सूचीबद्ध कंपनीच्या पोटात माहिती कुठे जन्मते, कोणाच्या हातून पुढे सरकते, कुठे अडते, आणि ती अडली आहे हे वेळेवर कोणाला कळते, असा त्याचा विषय.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने दोन कल्पना सुरुवातीलाच वेगळ्या करून घ्याव्यात. पहिली, वित्तीय अहवालावरील अंतर्गत नियंत्रण. दुसरी, प्रकटीकरणावरील नियंत्रण. समजा, एका सूचीबद्ध कंपनीचा कारखाना चाकणला आहे. ३१ मार्चच्या रात्री फाटकाबाहेर पडलेल्या मालाची विक्री या वर्षात धरायची की पुढच्या, एप्रिलमध्ये हाती आलेले मार्चचे बिल कोणत्या महिन्यात नोंदवायचे, गोदामातला माल मोजला तेव्हा दुसऱ्या खात्याचा माणूस हजर होता का, बँकेच्या खात्याचा ताळमेळ कोणी घातला आणि कोणी पाहिला, जर्नल एंट्री टाकण्याचा आणि ती मंजूर करण्याचा अधिकार एकाच लॉगिनमध्ये तर नाही ना, हे सगळे पहिल्या कल्पनेत येते. इथे आकड्याचा खरेपणा तपासला जातो.

आता त्याच कारखान्यात एखाद्या सरकारी खात्याची नोटीस आली आहे असे धरा. एक मोठे यंत्र बंद करावे लागेल अशी ती नोटीस आहे. कारखाना व्यवस्थापकाने ती वकिलांकडे पाठवली आणि फाइल बंद केली. हिशेबखात्यातली प्रत्येक नोंद बरोबर आहे, एका रुपयाची चूक नाही. तरीही त्या तिमाहीचे निकाल वाचणारा भागधारक फसला, कारण जे सांगायला हवे होते ते सांगणाऱ्यापर्यंत पोचलेच नाही. ही दुसऱ्या कल्पनेची हद्द. कंपनी सेक्रेटरी, विधी विभाग, कारखाने, उपकंपन्या, माहिती तंत्रज्ञान विभाग यांच्याकडून ठरलेल्या वेळी ठरलेल्या माणसाकडे माहिती यावी, तिथे तिचे महत्त्व जोखले जावे आणि ती बाजारापुढे ठेवायची की नाही याचा निर्णय नोंदवला जावा, अशी ही व्यवस्था. पहिल्या कल्पनेवर आपल्याकडे बरेच लिहिले गेले. दुसरी उपेक्षित राहिली, आणि माझ्या मते अलीकडची बरीचशी मोठी प्रकरणे या दुसऱ्या हद्दीतच घडली आहेत.

या विचाराचा कायद्यात प्रवेश झाला तो लाचखोरीच्या वाटेने. वॉटरगेटच्या चौकशीतून अमेरिकी कंपन्यांचे गुप्त निधी उघडे पडू लागले. चारशेहून अधिक कंपन्यांनी संशयास्पद रकमा दिल्याचे कबूल केले, बेरीज तीस कोटी डॉलरच्या वर गेली. लाच दिली गेली हा एक धक्का. ती देता येईल इतके मोठे पैसे हिशेबाबाहेर ठेवता आले, हा दुसरा आणि अधिक खोल. म्हणून १९७७च्या 'फॉरेन करप्ट प्रॅक्टिसेस ॲक्ट'मध्ये लाचबंदीच्या शेजारीच आणखी एक कलम आले : सूचीबद्ध कंपनीने खरे हिशेब ठेवले पाहिजेत आणि पुरेशी अंतर्गत नियंत्रणे उभारली पाहिजेत. नियंत्रण हा तोवर लेखापालांचा आपसातला विषय होता. इथून तो कायद्याचा झाला.

पुरेसे म्हणजे किती, याचे उत्तर मात्र कोणाकडे नव्हते. अमेरिकेच्या रोखे आयोगाचे माजी सदस्य जेम्स ट्रेडवे यांच्या अध्यक्षतेखाली १९८५ मध्ये आयोग बसला, १९८७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्याच्या प्रायोजक संस्थांनी १९९२ मध्ये एक चौकट प्रसिद्ध केली. 'कोसो' नावाने ती आज जगभर ओळखली जाते. नियंत्रणाचे वातावरण, जोखमीचे मूल्यमापन, नियंत्रणाच्या प्रत्यक्ष कृती, माहिती आणि संवाद, देखरेख अशी तिची पाच अंगे. २०१३च्या सुधारित आवृत्तीत त्यांखाली सतरा तत्त्वे मांडली गेली. बहुतेक कंपन्यांचा वेळ तिसऱ्या अंगावर जातो, कारण कृती मोजता येते : सही आहे की नाही, तारीख आहे की नाही. चौथे अंग, माहिती आणि संवाद, तक्त्यात दोन ओळींत उरकले जाते. ब्रॅडी हाऊसमध्ये मोडले होते ते हेच चौथे अंग.

१९९२ हे वर्ष या विषयात तीन ठिकाणी महत्त्वाचे ठरले. अमेरिकेत कोसो आले. ब्रिटनमध्ये कॅडबरी समितीचा अहवाल आला, संचालक मंडळाने अंतर्गत नियंत्रणांविषयी भागधारकांना निवेदन द्यावे असे त्यात सुचवले होते. आणि मुंबईत एप्रिलमध्ये रोखे घोटाळा फुटला. त्याची आठवण आपण हर्षद मेहताच्या नावाने आणि कोसळलेल्या निर्देशांकाने ठेवतो. त्याचे बीज मात्र फार निरस जागी होते. ज्यामागे रोखेच नाहीत अशा बँक पावत्या फिरत होत्या. बँकांच्या वह्यांतले रोखे आणि रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयातल्या नोंदी यांचा ताळमेळ वेळच्या वेळी घातला जात नव्हता. ज्या दिवशी स्टेट बँकेत तो घालायला घेतला त्या दिवशी खड्डा दिसला. ताळमेळाचे काम सगळ्यात कनिष्ठ माणसाकडे सोपवायची आपल्या कचेऱ्यांची रीत किती महाग पडते, हे तेव्हाच कळायला हवे होते.

पुढचा टप्पा २००२चा. एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली होती, पण या पुस्तकाच्या दृष्टीने वर्ल्डकॉमचे प्रकरण अधिक बोलके आहे, कारण ते आतून उघडकीला आले. मिसिसिपीतल्या क्लिंटन गावी मुख्यालय असलेली ही दूरध्वनी कंपनी इतर कंपन्यांच्या तारा वापरण्याचे भाडे देत असे. हा चालू खर्च. तो खर्चात न टाकता मालमत्तेत दाखवला की त्या तिमाहीचा नफा फुगतो. कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुख सिंथिया कूपर यांच्या चमूला या नोंदी दिसल्या. काम पुढे ढकला असे वरून सांगितले गेले, तरी त्यांनी शोध चालू ठेवला आणि गोष्ट ऑडिट कमिटीपर्यंत नेली. २५ जून २००२ रोजी कंपनीने ३.८ अब्ज डॉलरचा गैरहिशेब जाहीर केला, जुलैत दिवाळखोरी आली आणि ३० जुलैला सार्बेन्स-ऑक्सली कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली.

या कायद्याची दोन कलमे विषयाचा कणा आहेत. कलम ३०२प्रमाणे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मुख्य वित्त अधिकारी यांना दर अहवालासोबत स्वतःच्या सहीने सांगावे लागते की अहवाल आपण वाचला आहे, आपल्या माहितीप्रमाणे त्यात खोटे काही नाही, नियंत्रणे उभारण्याची जबाबदारी आपली आहे आणि ती आपण तपासली आहेत. प्रकटीकरणावरील नियंत्रण ही संज्ञा या कलमाच्या अंमलबजावणीसाठी रोखे आयोगाने ऑगस्ट २००२ मध्ये नियमांत आणली. कलम ४०४प्रमाणे व्यवस्थापनाने दरवर्षी वित्तीय नियंत्रणांचे मूल्यमापन जाहीर करायचे आणि मोठ्या कंपन्यांत लेखापरीक्षकाने त्यावर स्वतंत्र मत द्यायचे. याखेरीज कलम ९०६ आहे. जाणूनबुजून खोटे प्रमाणपत्र देणाऱ्याला वीस वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि पन्नास लाख डॉलरपर्यंत दंड. मला ठाऊक नव्हते, हे वरिष्ठांचे नेहमीचे उत्तर या कायद्याने फार अवघड करून ठेवले. ठाऊक करून घेण्याची व्यवस्था उभारणे हेच त्यांचे काम ठरवले गेले. या एका बदलात मला कायद्याची सगळी बुद्धी दिसते.

त्याची किंमतही मोजावी लागली. २००४च्या पहिल्या लेखापरीक्षण मानकाखाली लेखापरीक्षक प्रत्येक लहानसहान कृती तपासू लागले, खर्च भरमसाट वाढला. २००७ मध्ये ते मानक बदलून वरून खाली, जोखमीप्रमाणे तपासण्याची पद्धत आली. लहान सूचीबद्ध कंपन्यांना लेखापरीक्षकाच्या स्वतंत्र मताची सक्ती २०१० मध्ये कायमची माफ झाली. लेखापरीक्षकाचे मत सगळ्यांना हवे की मोठ्यांनाच, हा वाद आजही मिटलेला नाही, आणि दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसे आहेत.

इतर देशांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे मार्ग काढले. ब्रिटनने बराच काळ 'पाळा किंवा कारण सांगा' या तत्त्वावर भिस्त ठेवली. १९९९च्या टर्नबुल मार्गदर्शनात मंडळाला तत्त्वे दिली, तक्ते दिले नाहीत. २०१८ मध्ये कॅरिलियन ही बांधकाम कंपनी कोसळल्यावर तिथेही सूर कडक झाला. १ जानेवारी २०२६ पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी मंडळाने आपली महत्त्वाची नियंत्रणे परिणामकारक होती की नव्हती याची घोषणा करायची आहे. जपानने २००६च्या कायद्याने अमेरिकी धर्तीची व्यवस्था आणली, ती एप्रिल २००८ पासून लागू झाली. तरी तोशिबात वर्षानुवर्षे नफा फुगवला गेला. स्वतंत्र समितीने २०१५ मध्ये तो आकडा सुमारे १५२ अब्ज येन सांगितला. तिथे वरून 'चॅलेंज' म्हणून नफ्याची अशक्य लक्ष्ये येत आणि खालचा माणूस नाही म्हणू शकत नसे. जर्मनीत वायरकार्ड ही डिजिटल पेमेंट कंपनी २०२० मध्ये बुडाली, कारण फिलिपिन्समधल्या खात्यांत असल्याचे सांगितलेले १.९ अब्ज युरो नव्हतेच.

वायरकार्डची बातमी वाचताना ज्याला सत्यम आठवली नाही असा भारतीय लेखापाल विरळा. सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी मंडळाला पत्र लिहिले. ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वात नाहीत. ३७६ कोटींचे येणे व्याज खोटे आहे. १,२३० कोटींचे देणे दाखवलेलेच नाही. येणी ४९० कोटींनी फुगवलेली आहेत. रोख शिल्लक ही ताळेबंदातली तपासायला सगळ्यात सोपी ओळ. बँकेला विचारले की उत्तर मिळते. पण विचारायचे कोणी आणि उत्तर कोणाच्या हाती यायचे, इथे गफलत झाली. बँकांकडून मागवायच्या पुष्टीपत्रांवरचा ताबा लेखापरीक्षकांनी कंपनीच्याच हाती जाऊ दिला, असे अमेरिकी नियामकांच्या २०११च्या आदेशांत नोंदले आहे. बिलांच्या प्रणालीत विशेष अधिकारांच्या लॉगिनने हजारो खोटी बिले घातली गेली आणि ती कामकाज पाहणाऱ्या लोकांच्या नजरेपासून दडवली गेली.

आणखी एक गोष्ट विसरू नये. सत्यम न्यूयॉर्क शेअर बाजारातही नोंदलेली होती. म्हणजे सार्बेन्स-ऑक्सलीची प्रमाणपत्रे तिलाही लागू होती आणि ती दिली जात होती. सप्टेंबर २००८ मध्ये तिला कंपनी सुशासनासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कारसुद्धा मिळाला होता, तो नंतर काढून घेण्यात आला. वरची माणसेच एक झाली तर नियंत्रणे निकामी होतात, असे प्रत्येक पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. ते खरे आहे, पण तेवढ्यावर थांबणे मला पटत नाही. बिलांच्या प्रणालीत, मुदत ठेवींच्या पावत्यांत, बँकांच्या उत्तरांत अशा कितीतरी जागा होत्या, जिथे खालच्या किंवा बाहेरच्या एखाद्या माणसाला विसंगती दिसू शकत होती. ती दिसल्यावर त्याने ती कोणाला सांगायची, आणि अध्यक्षांना वळसा घालून सांगता येते का, याचे उत्तर व्यवस्थेत नव्हते.

भारतात या विषयाची पायाभरणी सत्यमच्या आधीच झाली होती. कुमार मंगलम बिर्ला समितीच्या शिफारशींवरून सेबीने २००० मध्ये सूचीकरण करारात कलम ४९ आणले. नरेश चंद्र आणि नारायण मूर्ती समित्यांनंतर ते कडक झाले आणि सीईओ-सीएफओ प्रमाणपत्र आले. सत्यमनंतर कंपनी कायदा २०१३ आला, आणि त्यात आपण एक वेगळी वाट धरली. आपल्या कायद्यातली अंतर्गत वित्तीय नियंत्रणाची व्याख्या अमेरिकी व्याख्येपेक्षा रुंद आहे. हिशेबांच्या अचूकतेखेरीज धंद्याचे सुरळीत आणि कार्यक्षम चलन, मालमत्तेचे रक्षण, अफरातफर रोखणे आणि शोधणे, सगळे तिच्यात येते. सूचीबद्ध कंपनीच्या संचालकांनी कलम १३४प्रमाणे या रुंद व्याख्येवर सही करायची, तर लेखापरीक्षकाने कलम १४३प्रमाणे फक्त वित्तीय विवरणांपुरते मत द्यायचे. म्हणजे संचालक ज्याची हमी देतात त्याचा मोठा भाग कोणीच स्वतंत्रपणे तपासत नाही. बहुतेक स्वतंत्र संचालकांना ही दरी सही करताना दाखवून दिली जात नाही, आणि ती दाखवणे हे या पुस्तकाचे एक प्रमुख काम आहे.

दुसरे वैशिष्ट्य असे की, लेखापरीक्षकाचे हे मत भारतात केवळ सूचीबद्ध कंपन्यांपुरते नाही. २०१५-१६ पासून ते सर्व कंपन्यांना लागू झाले; लहान खासगी कंपन्यांना २०१७ मध्ये सूट मिळाली. याउलट प्रकटीकरणावरील नियंत्रणाला आपल्याकडे एक नाव किंवा एक घर नाही. सेबीच्या २०१५च्या सूचीकरण विनियमांत ते विखुरलेले आहे. विनियम १७मधले वार्षिक प्रमाणपत्र, विनियम ३३मधले तिमाही निकालांचे प्रमाणपत्र, विनियम ३०मधल्या महत्त्वाच्या घटना, आणि यांशिवाय अंतस्थ माहितीवरच्या व्यवहारांचे वेगळे विनियम. विनियम ३०ची घड्याळे कडक आहेत. कंपनीच्या आत घडलेली घटना १२ तासांत, बाहेरून आलेली २४ तासांत, मंडळाच्या बैठकीतले निर्णय साधारणपणे ३० मिनिटांत बाजाराला कळवायचे. चाकणची नोटीस वकिलाच्या फायलीत तीन आठवडे पडून राहत असेल, तर या तासांना काय अर्थ राहतो?

कामांची विभागणी आणि तपासणाऱ्याचे स्वातंत्र्य हा या शास्त्राचा सगळ्यात जुना धडा, आणि तो आपल्याला परका नाही. पेशवाईत प्रांतावर मामलेदार असे, पण त्याच्याबरोबर दिवाण, मुजुमदार, फडणीस असे दरखदार असत. त्यांना मामलेदार नेमत नसे आणि काढूही शकत नसे. हुकमावर दिवाणाची सही लागे, हिशेब मुजुमदाराच्या नजरेखालून फडणिसाकडे जाई. तपासणाऱ्याची भाकरी ज्याला तपासायचे त्याच्या हाती नसावी, हे सूत्र त्या रचनेत होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महाल मक्त्याने दिले जाऊ लागले आणि ही व्यवस्था खिळखिळी झाली. आज अंतर्गत लेखापरीक्षकाचा पगार, बढती आणि बदली मुख्य वित्त अधिकारी ठरवत असेल, तर ऑडिट कमिटीपुढे वर्षातून चार वेळा सादरीकरण करून तो स्वतंत्र होत नाही. वर्ल्डकॉममध्ये सिंथिया कूपर ऑडिट कमिटीपर्यंत पोचू शकल्या, म्हणून पुढचे घडले.

या क्षेत्रातल्या अभ्यासकांचे ढोबळमानाने दोन पंथ दिसतात. एकाच्या मते नियंत्रण म्हणजे रचना : कागद, अधिकारपत्रक, प्रणाली, चाचणी, पुरावा. दुसऱ्याच्या मते नियंत्रण म्हणजे वर्तन : वरच्यांचा कल, खालच्यांची भीती, वाईट बातमीचे स्वागत होते की शिक्षा. पहिल्या पंथाचा कंटाळवाणेपणा मी जवळून पाहिला आहे. जोखीम-नियंत्रणाचा तक्ता मागच्या वर्षाच्या फायलीतून उचलायचा, वर्ष बदलायचे, नमुन्याला पंचवीस व्हाउचर काढायचे आणि निष्कर्ष आधीच लिहून ठेवायचा. अशी कामे होतात आणि त्यांनी या विषयाची बदनामी केली आहे. तरीही केवळ संस्कृतीच्या गप्पा मारणाऱ्यांच्या बाजूला मी जाऊ शकत नाही. ब्रॅडी हाऊसमध्ये स्विफ्ट कोअर बँकिंगला जोडलेले असते, तर त्या टेबलावर कोणत्या वृत्तीचा माणूस बसला होता याला फारसे महत्त्व उरले नसते. तोशिबात मात्र कितीही चांगली प्रणाली पुरली नसती. कोणता दोष कोणत्या जातीचा आहे हे ओळखणे, यातच या कामातले कौशल्य आहे.

हे सगळे आत्ताच का वाचायचे? एक कारण संख्येचे. देशातली डीमॅट खाती २०२४ मध्ये पंधरा कोटींच्या पुढे गेली, म्युच्युअल फंडांतली मासिक एसआयपी त्याच वर्षी वीस हजार कोटी रुपये ओलांडून गेली, आणि राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदलेल्या गुंतवणूकदारांत महाराष्ट्र सगळ्यांत पुढे आहे. सोलापूरची शिक्षिका आणि रत्नागिरीचा दुकानदार आज अशा कंपन्यांचे मालक आहेत, ज्यांचे कार्यालय ते कधी पाहणार नाहीत. त्यांच्या हाती येतो तो तिमाही निकाल. दुसरे कारण यंत्रांचे. नोंदी आता माणसे कमी आणि प्रणाल्या जास्त करतात. एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येऊ नये, असा नियम झाला. नियम उत्तम आहे, पण तो माग कोण वाचतो, हे विचारणारी ऑडिट कमिटी हवी.

तिसरे कारण इंडसइंड बँकेचे. पुण्यात नोंदणीकृत कार्यालय असलेल्या या बँकेने १० मार्च २०२५ रोजी बाजाराला कळवले की डेरिव्हेटिव्ह व्यवहारांच्या हिशेबात विसंगती सापडल्या असून त्यांचा फटका डिसेंबर २०२४च्या निव्वळ मालमत्तेच्या सुमारे २.३५ टक्के असेल. दुसऱ्या दिवशी शेअर एक चतुर्थांशाहून अधिक पडला. व्यवहार बँकेच्याच दोन विभागांतले, अंतर्गत होते. दोन बाजूंचे हिशेब वेगवेगळ्या पद्धतींनी होत होते. इथवर हा पहिल्या कल्पनेचा, आकड्याच्या खरेपणाचा प्रश्न. पण मे महिन्यात सेबीने काही अधिकाऱ्यांविरुद्ध जो अंतरिम आदेश दिला, त्याच्या केंद्रस्थानी वेगळा प्रश्न होता : ही विसंगती आत कोणाला, कधी कळली होती आणि बाजाराला कधी सांगितली गेली. तो आदेश अंतरिम आहे, तेव्हा व्यक्तींबद्दल निवाडा करणे योग्य नाही. विषयाच्या अभ्यासकाला मात्र दोन्ही कल्पना एकाच प्रकरणात इतक्या स्पष्ट क्वचितच दिसतात.

या पार्श्वभूमीवर पुस्तकाची रचना उलट्या दिशेने केली आहे. पाठ्यपुस्तके व्यवहारापासून सुरू होऊन ताळेबंदाकडे जातात. इथे सुरुवात सहीपासून आहे. सही करणाऱ्याला काय माहीत असायला हवे, ते त्याला कोण सांगतो, त्या सांगणाऱ्याला कोण सांगतो, असे मागे मागे जात आपण कारखान्याच्या फाटकाशी, बँकेच्या टेबलाशी, एखाद्या कनिष्ठ लेखापालाच्या एक्सेल पत्रकाशी पोचतो. प्रत्येक टप्प्यावर दोन गोष्टी विचारल्या आहेत. इथे चूक झाली तर ती कोणाला दिसेल? आणि ज्याला दिसेल त्याला ती न घाबरता वर पाठवता येईल का? कलमे आणि विनियम येतात ते या प्रश्नांच्या ओघात. ज्याला फक्त कलमांची यादी हवी आहे त्याची इथे निराशा होईल.

करआकारणी, बँकांच्या भांडवल पर्याप्ततेचे नियम आणि सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण हे विषय मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. सहकाराचा विषय महाराष्ट्रात इतका मोठा आणि इतका वेगळा आहे की त्याला दोन प्रकरणांत कोंबणे अन्याय झाला असता. अमेरिकी कायद्याला मात्र भरपूर जागा दिली आहे. एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक या मुंबईच्या बँका न्यूयॉर्कमध्ये नोंदलेल्या असल्याने त्यांच्या मुंबईच्या कार्यालयांत बसलेली मराठी माणसे रोज त्या कायद्याखाली काम करतात.

वाचक कोण असावा, याचा विचार लिहिताना सतत होता. सीएची परीक्षा देणारे विद्यार्थी आहेतच. पण मनात अधिक होते ते कंपन्यांच्या हिशेबखात्यात दहा-पंधरा वर्षे काढलेले लोक, ज्यांच्याकडून दर तिमाहीला 'माझ्या विभागात सर्व ठीक आहे' अशा अर्थाच्या कागदावर सही घेतली जाते आणि तिच्यावर वर कोणाची सही उभी राहणार आहे हे सांगितले जात नाही. त्यांच्याबरोबरच पहिल्यांदा स्वतंत्र संचालक झालेले डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारीही होते.

पुस्तक वाचताना शेजारी एखाद्या सूचीबद्ध कंपनीचा वार्षिक अहवाल असू द्यावा, शक्यतो जिचे शेअर आपल्याकडे आहेत अशा कंपनीचा. अध्यक्षांचे मनोगत नंतर वाचा. आधी लेखापरीक्षकाच्या अहवालाला जोडलेले अंतर्गत वित्तीय नियंत्रणांवरचे परिशिष्ट काढा, ते बिनशर्त आहे की त्यात काही मर्यादा घातली आहे ते पाहा. मग सुशासन अहवालात ऑडिट कमिटीच्या बैठका किती झाल्या, कोण किती वेळा हजर होते आणि अंतर्गत लेखापरीक्षक कोणाला अहवाल देतो हे शोधा. तक्रार यंत्रणेकडे वर्षभरात किती तक्रारी आल्या हा आकडा दिला असेल तर तोही टिपून ठेवा. एवढे कागदावर घेऊन पहिल्या प्रकरणाकडे वळावे.